‘सर्व आंबे गोड नाहीत’ या उत्तराला गुण का मिळाला नाही?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी भलत्याच गोष्टीचं उत्तर देत नाही ना, हे तुम्हाला तपासता येईल. बारावीतल्या तुमच्या मुलीला गणिताच्या चाचणीत ‘सर्व आंबे गोड आहेत’ या विधानाचा नकार लिहायचा होता. तिने ‘सर्व आंबे गोड नाहीत’ असं लिहिलं. बाईंनी ते खोडून शेजारी ‘काही आंबे गोड नाहीत’ लिहिलं आणि गुण दिला नाही. तुमच्या मते ‘आहेत’च्या जागी ‘नाहीत’ आलं की झाला नकार, त्यात चुकलं कुठे? म्हणून तुम्ही विचारलंय की मराठीतला ‘नाही’ आणि तर्कशास्त्रातला ‘नाही’ वेगळे आहेत का. शिवाय दोन नकारांचा होकार होतो हे भाषेतही खरं का, आणि गुणासाठी बाईंना भेटावं का, असंही विचारलंय.

मी कनिष्ठ महाविद्यालयात कला शाखेला तर्कशास्त्र शिकवतो. बारावीच्या गणितात पहिलंच प्रकरण गणितीय तर्कशास्त्राचं असतं, त्यामुळे विज्ञान आणि वाणिज्यची मुलंही दरवर्षी नेमकी हीच शंका घेऊन येतात. थोडक्यात सांगायचं तर तुमच्या मुलीचं वाक्य मराठी म्हणून बरोबरच आहे. पण त्याचे दोन अर्थ निघतात, आणि त्यातला एकच प्रश्नाचं उत्तर आहे. बाईंनी नेमका जो उत्तर नाही तो अर्थ घेतला.

ते दोन अर्थ आधी सुटे करू. एक, ‘सगळेच्या सगळे गोड नाहीत, म्हणजे एकही गोड नाही.’ दुसरा, ‘सगळे काही गोड नाहीत, म्हणजे काही असतीलही, पण सगळे नाहीत.’ रोजच्या बोलण्यात आपण दोन्ही अर्थांनी हे वाक्य वापरतो आणि गोंधळ होत नाही, कारण आवाज आणि प्रसंग आपल्या मदतीला असतात. शिक्षक वर्गात शिरून म्हणाले, ‘अरे, आज सगळी मुलं आली नाहीत, नवा धडा उद्या घेऊ,’ तर समोर मुलं बसलेली दिसतायत, त्यामुळे एकही आलं नाही असा अर्थ कोणी घेणार नाही. ‘चकाकते ते सर्व सोने नसते’ ही म्हण घ्या. शब्दशः पाहिलं तर तुमच्या मुलीच्या वाक्याचीच घडण, पण चकाकणारं काहीच सोनं नसतं असं ती म्हण सांगते, असं आजवर मला एकाही विद्यार्थ्याने सांगितलेलं नाही. उलट ‘या झाडाचे सगळे आंबे गोड नाहीत, लोणच्यालाच घ्या’ म्हटलं की आपण निमूट पहिला अर्थ घेतो.

मराठीने ही अडचण फार सफाईने सोडवलेली आहे, फक्त शाळेत ती कोणी दाखवत नाही. पहिला अर्थ हवा असेल तर आपण ‘सर्व’ हा शब्द सहसा वापरतच नाही. ‘एकही आंबा गोड नाही’, ‘कुठलाच आंबा गोड नाही’ म्हणतो. दुसरा अर्थ हवा असेल तर मध्ये एक ‘काही’ टाकतो: ‘सगळेच काही गोड नाहीत.’ या ‘काही’चा ‘थोडे’ या अर्थाच्या ‘काही’शी संबंध नाही. ‘मी काही खुळा नाही’मध्ये असतो तो हा. ‘सगळेच काही’ आलं की मराठी माणसाला ‘एकही नाही’ असा अर्थ घेताच येत नाही. आणि लेखी भाषेत सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे मूळ वाक्याला हात न लावता शेवटी ‘असे नाही’ जोडायचं: ‘सर्व आंबे गोड आहेत असे नाही.’ मुलीने हे लिहिलं असतं तर खोडायला जागाच नव्हती.

कारण तर्कशास्त्रातला नकार नेमका हेच करतो. तिथे नकाराचं चिन्ह विधानाच्या आत शिरत नाही. ते अख्ख्या विधानाच्या बाहेर, डावीकडे उभं राहतं आणि त्याचं काम एकच असतं: विधान खरं असेल तर नकार खोटा, खोटं असेल तर नकार खरा. तिसरी शक्यता नाही. आपल्या वाक्यातला ‘नाही’ मात्र क्रियापदाला चिकटून येतो, आणि तिथून त्याचा हात कुठवर पोहोचतो हे वाक्य स्वतः सांगत नाही. फक्त ‘गोड’पर्यंत, की मागे ‘सर्व’पर्यंत?

मी फळ्यावर हे तीन पेट्या काढून दाखवतो. प्रत्येकीत डझनभर हापूस. पहिल्या पेटीत बाराही गोड. दुसरीत दहा गोड, दोन आंबट. तिसरीत बाराही आंबट. आता ‘सर्व आंबे गोड आहेत’ हे विधान पहिल्या पेटीबाबत खरं आहे, दुसरी आणि तिसरीबाबत खोटं. म्हणजे त्याचा नकार पहिलीबाबत खोटा आणि दुसरी, तिसरी या दोन्हींबाबत खरा ठरला पाहिजे. ‘एकही आंबा गोड नाही’ हे तपासून बघा. तिसरीत खरं, पहिलीत खोटं, इथवर ठीक. दुसरीत? तिथे दहा गोड आंबे बसलेत, म्हणून हेही खोटं. मूळ विधानही खोटं आणि त्याचा म्हणवणारा नकारही खोटा. असा नकार चालत नाही. आता ‘निदान एक आंबा गोड नाही’ तपासा. पहिलीत खोटं, दुसरीत खरं, तिसरीत खरं. बरोबर बसलं.

ॲरिस्टॉटलपासून चालत आलेला भेद तो हाच. दोन विधानं एकाच वेळी खरी असू शकत नाहीत पण एकाच वेळी खोटी असू शकतात, तेव्हा त्यांच्यात नुसता विरोध असतो. एक खरं तर दुसरं खोटंच, आणि एक खोटं तर दुसरं खरंच, अशी जोडी असेल तर ती व्याघाती. ‘नकार लिहा’ म्हणजे व्याघाती विधान लिहा. रोजच्या भांडणात मात्र आपल्याला विरोधी विधानाची ओढ जास्त असते. ‘तू नेहमी उशिरा येतोस’ला समोरचा ‘मी कधीच उशिरा येत नाही’ म्हणतो. खरं तर ‘मागच्या सोमवारी वेळेवर आलो होतो’ एवढ्यावर काम भागलं असतं.

(हुशार मुलं इथे विचारतात, पेटी रिकामी असेल तर? आजच्या तर्कशास्त्रात रिकाम्या पेटीबद्दल ‘सर्व आंबे गोड आहेत’ हेही खरं आणि ‘एकही आंबा गोड नाही’ हेही खरं. कारण पहिलं खोटं पाडायला एक आंबट आंबा लागतो, दुसरं खोटं पाडायला एक गोड, आणि पेटीत काहीच नाही. ॲरिस्टॉटलच्या परंपरेत असं मानत नसत. बारावीला यात शिरायची गरज नाही.)

बाईंच्या उत्तरातही एक गोम आहे, ती सांगायला हवी. ‘काही आंबे गोड नाहीत’ असं कोणी म्हटलं तर आपण ऐकताना ‘म्हणजे बाकीचे गोड आहेत’ असं धरून चालतो. तर्कशास्त्रात ‘काही’चा अर्थ फक्त ‘निदान एक’ एवढाच असतो, सगळेही त्यात येऊ शकतात. तिसऱ्या पेटीबद्दल ‘काही आंबे गोड नाहीत’ हे बोलायला विचित्र, पण खरं. म्हणून मी मुलांना ‘निदान एक’ किंवा ‘किमान एक’ लिहायला सांगतो.

आता तुमचा मोठा प्रश्न, दोन्हीकडचे ‘नाही’ वेगळे का? माझ्या मते वेगळे नाहीत. भाषेतला ‘नाही’ जास्त ठिकाणी बसू शकतो, एवढंच. आणि या बाबतीत आपल्याकडच्या नैयायिकांनी, म्हणजे न्याय या जुन्या भारतीय तर्कपरंपरेतल्या पंडितांनी, जितकं बारीक पाहिलंय तितकं मला इतरत्र क्वचित दिसलं. ‘जमिनीवर घडा नाही’ हे त्यांचं ठरलेलं उदाहरण. ते म्हणतात, नुसता ‘अभाव’ अशी गोष्ट नसते. अभाव नेहमी कशाचा तरी असतो आणि कुठेतरी असतो. ज्याचा अभाव तो प्रतियोगी, इथे घडा. जिथे अभाव ते अनुयोगी, इथे जमीन. ‘निळा घडा नाही’ म्हटलं तर घडाच नाही असं ठरत नाही, लाल असेलही. म्हणजे प्रतियोगी कोणत्या विशेषणासकट घ्यायचा तेही सांगितलं पाहिजे. गंगेश उपाध्याय या नैयायिकानंतरच्या नव्यन्यायाने, म्हणजे याच परंपरेच्या नव्या शाखेने, या एका गोष्टीसाठी केवढी तरी पारिभाषिक यंत्रणा उभी केली. आपल्या आंब्यांना ती लावून बघा. ‘सर्व आंबे गोड नाहीत’मध्ये अभाव कशाचा, गोडीचा की ‘सगळे गोड असण्याचा’? पहिला घेतला तर गुण गेला, दुसरा घेतला तर मिळाला.

न्यायशास्त्रात अभावाचे चार प्रकार सांगतात, आणि ते आपल्या बोलण्यात सर्रास सापडतात. खानावळीत पोऱ्या म्हणतो, ‘भाकरी नाही.’ सकाळी अकराला गेलात तर अजून झालेली नाही, हा प्रागभाव. दुपारी साडेतीनला गेलात तर संपली, हा प्रध्वंसाभाव. आणि ते इडली-डोशाचं दुकान असेल तर तिथे भाकरी कधी नसतेच, त्याला अत्यंताभावाच्या खात्यात टाकू. शब्द तेच दोन, पण पहिल्या वेळी तुम्ही थांबाल, पुढच्या दोन्ही वेळी उठाल. तर्कशास्त्राचं चिन्ह हा फरक दाखवत नाही. चौथा प्रकार अन्योन्याभाव, म्हणजे हे ते नव्हे. ‘घरात हापूस नाही’ आणि ‘हा हापूस नव्हे, पायरी आहे’ या दोन वाक्यांत ‘नाही’ आणि ‘नव्हे’ यांची वाटणी पडलेली दिसते. पहिल्या वाक्यात ‘नव्हे’ बसतच नाही. शहरी बोलण्यात हल्ली दुसऱ्या ठिकाणीही ‘नाही’ घुसलाय. कोकणीत मात्र वाटणी अजून ठणठणीत आहे: घरांत आंबो ना, पण हो आंबो न्हय.

इथवर ‘सर्व’चं झालं. ‘आणि’बरोबर ‘नाही’ आला की तोच घोळ वेगळ्या कपड्यांत येतो, आणि तिथे गुणापेक्षा जास्त काही जाऊ शकतं. कचेऱ्यांत लागतात तशा धाटणीची एक सूचना घ्या: ‘आधार कार्ड व रेशन कार्ड नसल्यास अर्ज स्वीकारला जाणार नाही.’ तुमच्याकडे आधार आहे, रेशन कार्ड नाही. रांगेत उभं राहायचं का? ‘दोन्ही नसतील तरच नाकारू’ असा अर्थ घेतला तर तुमचा अर्ज चालायला हवा. ‘दोन्ही असल्याशिवाय घेणार नाही’ असा घेतला तर परत पाठवतील. खिडकीमागचा माणूस बहुधा दुसरा अर्थ घेतो. ‘दोन्ही आहेत’चा नकार ‘निदान एक नाही’ असा होतो, ‘दोन्ही नाहीत’ असा नव्हे. पाठ्यपुस्तकात हा डी मॉर्गनचा नियम म्हणून येतो. हा ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ साली आपल्या मदुराईत जन्मला, हे सांगितलं की वर्ग जरा जागा होतो. पण नव्यन्यायात ‘उभयाभाव’ म्हणून हाच विचार आहे: जमिनीवर घडा आहे आणि वस्त्र नाही, तरी ‘घडा आणि वस्त्र ही जोडी इथे नाही’ हे खरंच.

सूचना लिहिणाऱ्यांना माझं सांगणं असतं की नकार वापरूच नका. ‘अर्जासोबत दोन्ही कार्डं जोडावीत’ लिहिलं की वादच मिटला.

‘हवं’, ‘पाहिजे’ यांच्या नकारात तर मराठी माणूसही अडखळतो. ‘जायला हवं’चा नकार काय? ‘उद्या सुट्टी आहे, ऑफिसला जायला नको’ यात सुटका आहे, गरज नाही एवढंच. ‘त्याच्या घरी जायला नको, उगाच वाद होतील’ यात मनाई आहे. ‘नको’ तोच. समजा डॉक्टर म्हणाले, ‘आता ही गोळी घ्यायला नको.’ उरलेल्या दोन घेतल्या तर चालतील, की घेतल्या तर त्रास होईल? इथे तर्क लढवत बसू नये, तिथल्या तिथे विचारावं: ‘घेऊ नये, की गरज नाही?’ घरच्या म्हाताऱ्या माणसांबरोबर दवाखान्यात जाता तेव्हा तर नक्कीच.

‘जर-तर’चा नकार तुमच्या मुलीच्या पुढच्या चाचणीत येणारच, म्हणून तेवढं सांगतो. ‘पाऊस पडला तर सामना रद्द होईल’ याचा नकार मुलं ‘पाऊस पडला तर सामना रद्द होणार नाही’ असा लिहितात. पेट्यांची तीच रीत लावा: मूळ विधान खोटं कधी पडेल? पाऊस पडला आणि तरी सामना झाला, तेव्हाच. म्हणून उत्तर: ‘पाऊस पडला आणि सामना रद्द झाला नाही.’ इथे बोलीभाषा आणि पुस्तक यांच्यात खरंच अंतर आहे हे कबूल करतो. ‘पाऊस पडला तर सामना रद्द होईल असं नाही’ म्हणताना आपल्याला पाऊस पडला असं मुळीच सुचवायचं नसतं, नुसती खात्री नाही एवढं म्हणायचं असतं. पुस्तकातलं ‘जर-तर’ आपल्या ‘जर-तर’पेक्षा बरंच दुबळं आहे. त्याचा नकार म्हणूनच इतका ठाम येतो. परीक्षेत पुस्तकाप्रमाणे लिहावं.

आणखी एका ठिकाणी तज्ज्ञांचंही अजून पूर्ण एकमत नाही. ‘फ्रान्सचा सध्याचा राजा टकला आहे.’ फ्रान्सला राजाच नाही. मग हे खोटं, आणि ‘तो टकला नाही’ हे खरं का? तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलने १९०५ मध्ये उत्तर दिलं ते नकाराच्या जागेवरूनच: ‘असा एक राजा आहे आणि तो टकला नाही’ हे खोटं, पण ‘असा एक राजा आहे आणि तो टकला आहे, असे नाही’ हे खरं. पुन्हा तोच ‘असे नाही’. १९५० मध्ये स्ट्रॉसन या दुसऱ्या तत्त्वज्ञाने आक्षेप घेतला की राजाच नसेल तर खरं-खोटं हा प्रश्नच उद्भवत नाही. रोजच्या भाषेपुरता मला स्ट्रॉसन पटतो. ‘शेजाऱ्यांची गाडी अजून दुरुस्त झाली नाही’ असं कोणी म्हटलं आणि शेजाऱ्यांकडे गाडीच नसेल, तर आपण ‘खरं आहे’ म्हणत नाही, ‘कुठली गाडी?’ म्हणतो.

आता दोन नकार. पाठ्यपुस्तकातल्या तर्कशास्त्रात नकाराचा नकार म्हणजे मूळ विधान, यात शंका नाही, परीक्षेत तसंच लिहायचं. ‘कोणीच काही बोललं नाही’ यात दोन-तीन नकार आहेत असं काहींना वाटतं, पण नकार एकच आहे. ‘कोणी’ आणि ‘काही’ हे शब्द स्वतः नकारार्थी नाहीत. ‘त्याला स्वयंपाक येत नाही असं नाही’ यात मात्र खरोखर दोन आहेत, आणि कोणीही मराठी माणूस त्याचा अर्थ ‘त्याला स्वयंपाक येतो’ असा सरळ घेत नाही. येतो, पण करत नाही, किंवा जेमतेम येतो, किंवा बोलणाऱ्याला हमी घ्यायची नाही. मधली जागा शिल्लक राहते. गंमत म्हणजे गणितातही एक पंथ आहे, डच गणिती ब्राउवरपासून सुरू झालेला, जो ‘नाही असं नाही’वरून ‘आहे’ हा निष्कर्ष सरसकट मान्य करत नाही. त्यांचं म्हणणं, एखादी संख्या आहे असं म्हणायचं तर ती दाखवा, ‘नसणं अशक्य आहे’ एवढ्याने भागणार नाही. मला वाटतं, आमच्या गावाकडच्या सावकारालाही हा पंथ पटला असता.

राहिला गुणाचा प्रश्न. चाचणी अंतर्गत असेल तर बाईंना भेटायला हरकत नाही, पण ‘माझ्या मुलीचं बरोबर होतं’ असं म्हणून जाऊ नका. आधी मुलीला दुसऱ्या पेटीबद्दल विचारा: दहा गोड, दोन आंबट, तर तुझं वाक्य खरं की खोटं? ती ‘खरं’ म्हणाली तर तिच्या मनात बरोबर अर्थ होता आणि फक्त शब्द संदिग्ध होते. तेवढं बाईंना सांगता येईल, अर्धा गुण द्यायचा की नाही हे त्या ठरवतील. ती ‘खोटं’ म्हणाली तर गुण गेला तो योग्यच गेला. मग तिला पुढचं गणित घाला: ‘काही आंबे आंबट आहेत’ याचा नकार लिही. तिने ‘काही आंबे आंबट नाहीत’ लिहिलं तर पुन्हा दुसऱ्या पेटीकडे बोट दाखवा, तिथे दोन्ही वाक्यं एकदमच खरी आहेत. तीन पेट्यांवर तपासून ती स्वतःहून ‘एकही आंबा आंबट नाही’वर आली, की बोर्डाच्या पेपरात या प्रश्नाची काळजी करू नका.